मान वेगळा, पत वेगळी: देश प्रतिष्ठेपायी असे का वागतात

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात चूक झाली असेल तर सांगता येईल. बातम्यांत सारखं 'देशाची मान उंचावली', 'जगात दबदबा वाढला' असं ऐकू येतं. तुमचं म्हणणं असं, की देश शेवटी पैसा आणि सुरक्षितता यांच्याच मागे असतात. मग प्रतिष्ठा ही घरच्या मतदारांसाठी केलेली रोषणाई आहे, की तिच्यापायी सरकारं खरोखर वेगळं वागतात? वागत असतील तर बाहेरून ते ओळखायचं कसं? शिखर परिषदेचं यजमानपद मिळालं की खरंच काही हाती लागतं का? आणि हा सगळा मोठ्या देशांचाच खेळ आहे का?

मी पंचवीस-सव्वीस वर्षं आंतरराष्ट्रीय बैठकांच्या सचिवालयांत काढली. भाषणं मंत्र्यांची असायची. आमच्याकडे खुर्च्या, झेंडे, नामफलक, बोलण्याचा क्रम आणि शेवटी संयुक्त निवेदनाचा मसुदा. त्यामुळे मी सांगणार ते टेबलाच्या उंचीवरून दिसलेलं आहे. विद्यापीठातली मंडळी यातल्या एक-दोन मुद्द्यांवर माझ्याशी भांडतील. कुठे भांडतील तेही सांगतो.

'प्रतिष्ठा की हित' असा सामना लावला की उत्तर निघत नाही, कारण प्रतिष्ठा या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. मराठीत दोहोंसाठी आयते शब्द आहेत: मान आणि पत. मान म्हणजे रांगेतली जागा. कोण पुढे, कोण मागे, कोणाला विचारल्याशिवाय निर्णय होत नाही, कोणाला निर्णय झाल्यावर कळवतात. पत म्हणजे तुमच्या शब्दाची किंमत. धमकी दिली तर हा देश ती खरी करेल का, मित्र अडचणीत आला तर उभा राहील का, कर्ज फेडेल का. एकाच वेळी दहा देशांची पत चांगली असू शकते. मानाचं तसं नाही. पहिला नंबर एकालाच मिळतो. दोन्हींत सारखं एवढंच, की दोन्ही आपल्या तिजोरीत नसतात. ती इतरांच्या डोक्यात असतात. सैन्य तुम्ही स्वतः उभारू शकता, मान स्वतःला देता येत नाही. देशांचं प्रतिष्ठेपायी होणारं बरंचसं विचित्र वागणं या एका अडचणीतून निघतं, असं माझं मत आहे.

आधी मानाचं पाहू. 1661 सालच्या सप्टेंबरात लंडनमध्ये स्वीडनचा नवा राजदूत येणार होता. त्याच्या मिरवणुकीत इतर राजदूतांनी आपापल्या घोडागाड्या पाठवायच्या, असा रिवाज होता. प्रश्न एवढाच होता, की स्वीडनच्या गाडीमागे पहिली गाडी फ्रान्सची की स्पेनची. दोन्ही बाजूंनी माणसं हत्यारं घेऊन आली. स्पेनवाल्यांनी घोड्यांच्या सरंजामात लोखंडी साखळ्या घातल्या होत्या, म्हणजे कोणी पट्टे कापू नयेत. भर रस्त्यात मारामारी झाली, माणसं मेली, फ्रेंचांचे घोडे मारले गेले आणि स्पेनची गाडी पुढे निघाली. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने स्पेनच्या राजदूताला हाकललं आणि युद्धाची धमकी दिली. पुढच्या वर्षी स्पेनला आपला खास दूत पॅरिसला पाठवून, इतर देशांच्या राजदूतांसमक्ष, आमचे राजदूत यापुढे फ्रान्सशी पुढेमागेपणावरून स्पर्धा करणार नाहीत असं सांगावं लागलं.

आज वाचताना हे वेड वाटतं. पण त्या काळच्या युरोपात ही गाड्यांची रांग म्हणजे जाहीर गुणपत्रिका होती. उद्या तह करायचा, सोयरीक करायची, कोणाच्या बाजूने उभं राहायचं, हे ठरवताना छोटे दरबार ती रांग वाचत असत. स्पेन मागे सरकला हे सगळ्यांनी पाहिलं, म्हणूनच लुईला ती कबुली बंद खोलीत नको होती.

हे इतकं महाग पडायला लागलं, की 1815 मध्ये व्हिएन्नाला नियमच केला: एका दर्जाच्या दूतांचा क्रम, ते त्या राजधानीत कधी रुजू झाले त्या तारखेवरून लागेल. देश बलाढ्य की दुबळा, याचा संबंध नाही. 1961 च्या व्हिएन्ना करारात हेच तत्त्व कायम आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत दरवर्षी चिठ्ठी काढून पहिलं आसन ठरवतात आणि तिथून पुढे इंग्रजी वर्णानुक्रम लागतो, तेही याच जातीचं औषध. आमच्या धंद्यातला हा सगळ्यात उपयोगी शोध आहे असं मी मानतो. जिथे मानावरून डोकी फुटतात, तिथे क्रम कोणाच्याच हातात ठेवायचा नाही.

पण प्रत्येक ठिकाणी चिठ्ठी चालत नाही. व्हिएतनाम युद्ध थांबवण्याच्या पॅरिसमधल्या वाटाघाटी 1968 च्या अखेरीस टेबलाच्या आकारावरून अडकल्या आणि कित्येक आठवडे अडकूनच राहिल्या. उत्तर व्हिएतनामचं म्हणणं, दक्षिणेतल्या बंडखोरांच्या आघाडीला स्वतंत्र पक्ष म्हणून बसवा. सायगावच्या, म्हणजे दक्षिण व्हिएतनामच्या सरकारचं म्हणणं, ते उत्तरेचे हस्तक आहेत, बाजू दोनच. दोन बाजूंचं टेबल म्हणजे एक उत्तर, चार बाजूंचं म्हणजे दुसरं. शेवटी जानेवारी 1969 मध्ये एक मोठं गोल टेबल आणि त्याच्या दोन बाजूंना कारकुनांसाठी दोन छोटी आयताकृती टेबलं, मध्ये जेमतेम हातभर अंतर, यावर तडजोड झाली. ज्याला दोन बाजू पाहायच्या त्याने दोन पाहाव्यात, ज्याला चार पाहायच्या त्याने चार. लोक तेव्हाही हसले होते. तिकडे माणसं मरत होती, त्यामुळे संतापही होता. पण ते भांडण लाकडाचं नव्हतं. युद्धानंतर दक्षिणेत सत्तेचा दावेदार कोण, याचं उत्तर त्या टेबलात दडलेलं होतं. मान जेव्हा 'हा पक्ष आहे की नाही' इथपर्यंत जातो, तेव्हा तोच हित असतो.

माझा अनुभव याहून बराच साधा. एका बैठकीत, दोन शेजारी देशांची नावं मी सांगत नाही, एका शिष्टमंडळातला तरुण अधिकारी माझ्यासमोर खिशातून मोजपट्टी काढून टेबलावरचे दोन्ही झेंडे मोजू लागला. त्यांचा झेंडा बोटभर लहान निघाला. पुरवठादाराने दोन वेगळ्या खेपांतले झेंडे पाठवले होते आणि ते तपासायचं राहिलं ही चूक माझी. आमच्यातला एक जण हसला, ते चुकलंच. त्या अधिकाऱ्याला झेंड्याचं काही पडलेलं नव्हतं. त्याला उद्याच्या वर्तमानपत्रातलं छायाचित्र दिसत होतं, आणि ते छायाचित्र घेऊन संसदेत उभा राहणारा विरोधी पक्षनेता. आम्ही दोन्ही झेंडे काढून टाकले आणि बैठक वीस मिनिटं उशिरा सुरू झाली. त्या दिवशी त्यांच्या मंत्र्याने पाण्याच्या मुद्द्यावर दिलेली सवलत बरीच मोठी होती. झेंडा लहान राहिला असता तर ती मिळाली नसती, असं मला आजही वाटतं. सिद्ध करता येणार नाही.

म्हणजे 'घरच्यांसाठीची रोषणाई' हा तुमचा संशय निम्मा बरोबर आहे. फक्त ती रोषणाई बिनकामाची नसते. ज्या नेत्याचा मान जागेवर आहे, त्याला घरी जाऊन तडजोड समजावता येते.

आता मानापायी खरोखर पैसा आणि धोरण कसं वाकतं ते पाहू. ब्राझीलची गोष्ट मी नव्या सहकाऱ्यांना हमखास सांगायचो. 1910 मध्ये ब्राझीलच्या नौदलात 'मिनास जेराइस' ही ब्रिटनमध्ये बांधलेली ड्रेडनॉट, म्हणजे त्या काळातल्या सर्वांत ताकदवान जातीची युद्धनौका दाखल झाली. त्या वेळी फ्रान्स, इटली, रशिया यांच्याकडेही या जातीची एकही नौका सेवेत आलेली नव्हती. ब्राझील एका झटक्यात बड्या नौदलांच्या यादीत जाऊन बसला. शेजारी अर्जेंटिना आणि चिली गप्प बसणार थोडेच. त्यांनीही मागण्या नोंदवल्या. आणि त्याच वर्षी 22 नोव्हेंबरच्या रात्री त्याच नौकेवर बंड झालं. नौका विसाव्या शतकातली होती, पण तिच्यावरच्या खलाशांना शिक्षा अजून चाबकाच्या फटक्यांची होती. खलाशी बहुतेक कृष्णवर्णीय, आणि ब्राझीलमधली गुलामगिरी संपून जेमतेम बावीस वर्षं झालेली. एका खलाशाला 250 फटके मारल्यावर ठिणगी पडली. जोआंव कांदिदो या खलाशाच्या नेतृत्वाखाली त्यांनी नौका ताब्यात घेतल्या आणि तोफा राजधानीकडे, म्हणजे रिओ दि जानेरोकडे वळवल्या. जगाला दाखवायला आणलेल्या तोफा चार दिवस स्वतःच्याच राजधानीवर रोखलेल्या होत्या. सरकारला माफी आणि फटके बंद करण्याचं आश्वासन द्यावं लागलं; माफीचा शब्द पुढे नीट पाळला गेला नाही, हा भाग वेगळा.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते असं, की नौका विकत मिळते, तिच्याभोवतीची व्यवस्था मिळत नाही. थायलंडची 'चक्री नारुएबेट' ही विमानवाहू नौका 1997 मध्ये सेवेत आली आणि तिच्यावरची हॅरियर लढाऊ विमानं 2006 मध्ये निवृत्त झाली. तेव्हापासून ती हेलिकॉप्टरांपुरती उरली आहे. मदतकार्यात तिचा उपयोग होतो, नाही असं नाही. पण तेवढ्यासाठी कोणी विमानवाहू नौका घेत नाही.

त्याच ब्राझीलने 1926 मध्ये आणखी एक गोष्ट केली. राष्ट्रसंघाच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेच्या परिषदेत जर्मनीला कायमची जागा द्यायचं घाटत होतं. ब्राझील म्हणाला, मग आम्हालाही द्या. मिळेना, तर त्याने जर्मनीचा प्रवेश अडवला आणि शेवटी राष्ट्रसंघच सोडला. जर्मनी त्याच वर्षी सप्टेंबरात आत आली. ब्राझील बाहेर. मान मागताना 'नाहीतर मी उठून जातो' ही धमकी चालते ती, उठून गेल्याने इतरांचं अडत असेल तरच.

इथे परिस्थितीवर काय अवलंबून असतं ते सांगायला हवं, कारण मानाची भूक सगळ्यांना असली तरी सगळे सारखे वागत नाहीत. माझ्या मते सगळ्यात आधी पाहायचं, दार उघडं आहे की बंद. वर चढायची वाट दिसत असेल तर देश वरच्यांची नक्कल करतो: त्यांचे कायदे, त्यांचे गणवेश, त्यांच्या संस्था. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानने हेच केलं आणि शतक संपता संपता असमान तह रद्द करवून घेतले. 1919 ला पॅरिसच्या शांतता परिषदेत तो विजेत्यांच्या टेबलावर होता. तिथे त्याने राष्ट्रसंघाच्या करारात वांशिक समानतेचं कलम मागितलं. 11 एप्रिलला 17 पैकी 11 मतं त्याच्या बाजूने पडली. अध्यक्षस्थानी असलेले अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी एकमत हवं म्हणून ठराव पडल्याचं जाहीर केलं. राष्ट्रसंघाच्या परिषदेत जपानला कायमची जागा मिळाली खरी, पण 'सगळे नियम पाळले तरी तुम्ही आमच्यातले नाही' हा निरोप घरापर्यंत पोचला. त्यानंतर 1922 ला वॉशिंग्टनमध्ये मोठ्या युद्धनौकांचं प्रमाण ठरलं: अमेरिका आणि ब्रिटनला पाच-पाच, जपानला तीन. जपानच्या दोन महासागरांत पसरलेल्या जबाबदाऱ्या नव्हत्या, त्यामुळे हिशेबाने तीनचा आकडा वाईट नव्हता. पण तो आकडा होता आणि आकडा सगळ्यांना वाचता येतो. 1930 च्या दशकात जपान या व्यवस्थेतून बाहेर पडला. 1919 मुळेच सारं झालं असं मी म्हणत नाही. मधे जागतिक मंदी आहे, लष्कराचं राजकारण आहे. मात्र बाहेरचे लोक दार लावून घेतात तेव्हा घरातल्या मवाळांच्या हातातला मुद्दा जातो, हे मी लहान प्रमाणावर अनेकदा पाहिलंय.

दुसरी गोष्ट दरीची. स्वतःबद्दलचा अंदाज आणि इतरांनी दिलेला मान, यांच्यातली दरी जितकी मोठी तितकं वागणं बिघडतं. अगदी तळाचा देश शांत असू शकतो. अस्वस्थ असतो तो चढणारा, ज्याला वाटतं की मी पोचलो तरी खुर्ची देत नाहीत, आणि उतरणारा, ज्याची खुर्ची काढून घेताहेत. जर्मनीचे परराष्ट्र सचिव ब्यूलो 1897 मध्ये संसदेत म्हणाले होते, की आम्हाला कोणाला सावलीत ढकलायचं नाही, पण आम्हालाही उन्हातली जागा हवी. जर्मनीकडे युरोपातलं सर्वांत ताकदवान सैन्य होतं, उद्योग जोरात होते. तरी 1898 आणि 1900 च्या नौदल कायद्यांनी तिने मोठं आरमार बांधायला घेतलं. परिणाम असा, की ज्या ब्रिटनकडून बरोबरीचा मान हवा होता तोच ब्रिटन 1904 ला फ्रान्सशी आणि 1907 ला रशियाशी आपली जुनी भांडणं मिटवून बसला. आरमारामागे सुरक्षिततेचा काहीच विचार नव्हता असं नाही, इतिहासकार त्यावर अजून वाद घालतात. पण नुसत्या सुरक्षिततेचा हिशेब असता तर तो इतका उलटा पडल्यावर कोणीतरी वही पुन्हा उघडली असती.

उतरणाऱ्याचं उदाहरण ताजं आहे. मार्च 2014 मध्ये हेगला ओबामांनी रशियाला 'प्रादेशिक सत्ता' म्हटलं. विधान म्हणून त्यात तथ्य किती, यावर वाद घाला. पण खुर्च्या लावणारा माणूस म्हणून मी ते ऐकून दात आवळले. त्या वाक्यामुळे पुढचं घडलं असं अजिबात नाही. युक्रेनचा क्रायमिया रशियाने आधीच गिळलेला होता. तरी ज्याचा अपमान करून तुमचा काहीच फायदा होत नाही, त्याचा कॅमेऱ्यासमोर करू नये, एवढं कळायला मोठी मुत्सद्देगिरी लागत नाही.

आता पत. इथे सरकारं स्वतःलाच फार फसवतात. मार्च 1965 मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यातले सहायक सचिव जॉन मॅकनॉटन यांनी एक टिपण लिहिलं: आपण दक्षिण व्हिएतनाममध्ये का आहोत? उत्तर टक्क्यांत होतं. 70 टक्के, मानहानीकारक पराभव टाळायला, म्हणजे हमीदार म्हणून आपली पत राखायला. 20 टक्के, तो प्रदेश चीनच्या हाती जाऊ नये म्हणून. 10 टक्के, तिथल्या लोकांना अधिक चांगलं, मोकळं आयुष्य मिळावं म्हणून. सरकारी कागदावर इतका प्रामाणिक हिशेब क्वचित सापडतो. ज्या देशासाठी लढायचं त्याचा वाटा दहा टक्के. त्या युद्धात एकूण 58,000 हून अधिक अमेरिकी सैनिक गेले आणि व्हिएतनामी माणसं त्याच्या कितीतरी पट. 30 एप्रिल 1975 ला सायगाव पडलं. आणि पत? नाटो जागेवर राहिली. जपान, पश्चिम जर्मनी जागेवर राहिले. कोणी असं म्हटलं नाही, की व्हिएतनाम सोडलं म्हणजे बर्लिनही सोडणार.

अभ्यासक इथे भांडतात. एक तट म्हणतो, जुन्या वागण्यावरून कोणी तुमची परीक्षा करत नाही. या वेळी ताकद किती आणि गरज किती एवढंच पाहतात. दुसरा म्हणतो, एकदा माघार घेतली की पुढच्या वेळी आव्हान मिळण्याची शक्यता वाढते. माझं निरीक्षण सावकाराच्या नजरेसारखं आहे. सावकार 'हा माणूस कसा आहे' असं मोघम विचारत नाही. याच प्रकारचं कर्ज याने याआधी कसं फेडलं, ते विचारतो. देशही तेच करतात. तुम्ही दूरच्या युद्धातून निघालात म्हणून तुमच्या व्यापारी करारावर कोणी संशय घेत नाही. पण करार करून चार वर्षांनी नव्या सरकारने तो फाडला, तर पुढच्या कराराच्या मसुद्यात जास्तीची दहा कलमं येतात. ती टंकलेली मी पाहिली आहेत.

पत हा शब्द शब्दशः घ्यायचा तर श्रीलंकेकडे पाहा. परदेशी कर्जाचा हप्ता कधीच चुकवला नाही, याचा त्या देशाला रास्त अभिमान होता. 2022 च्या जानेवारीत डॉलरची गंगाजळी आटत असताना, बरेच अर्थतज्ज्ञ आधी फेररचना करा म्हणत असताना, सरकारने 50 कोटी डॉलरचे मुदत संपलेले रोखे पूर्ण फेडले. 12 एप्रिलला परदेशी कर्जाची परतफेड थांबवल्याचं जाहीर करावं लागलं. मधल्या काळात इंधनाच्या रांगा, औषधांची टंचाई. पत वाचवायला तीन महिने विकत घेतले आणि तीन महिन्यांनी पतही गेली. हा निर्णय मूर्खपणाचा होता असं मागे वळून म्हणणं सोपं आहे. 'पहिल्यांदा मीच चुकवला' हे वाक्य ज्याच्या नावावर लागणार, तो माणूस ते उद्यावर ढकलणारच.

मान आणि पत एकमेकांच्या आड येतात तेव्हा काय करायचं, याचा धडा 1962 च्या क्युबा पेचप्रसंगात, म्हणजे सोव्हिएत संघाने क्युबात ठेवलेल्या क्षेपणास्त्रांवरून अमेरिकेशी झालेल्या पेचात आहे. 27 ऑक्टोबरच्या रात्री अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडींनी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना सांगितलं, की तुर्कस्तानातली आमची ज्युपिटर क्षेपणास्त्रं काही महिन्यांत निघतील, पण हे कुठेही बोलायचं नाही. सौदा दोन्हीकडून होता. लोकांना दिसली ती एकाचीच माघार. अमेरिकेने क्षेपणास्त्रं दिली आणि मान ठेवला. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना क्षेपणास्त्रांच्या बदल्यात क्षेपणास्त्रं मिळाली, मान मात्र गेला, आणि दोन वर्षांनी त्यांना पायउतार करणाऱ्यांच्या हाती क्युबातली नामुष्की आयतीच होती. याच्या उलट उदाहरण अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचं. 1954 च्या जिनिव्हा परिषदेत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांच्याशी हस्तांदोलन टाळलं, ही सल चिनी बाजूला होती. फेब्रुवारी 1972 मध्ये पेकिंगला (आताच्या बीजिंगला) विमानातून उतरताना निक्सननी बरोबरच्या माणसांना मागे थांबवलं आणि खाली येत स्वतःहून हात पुढे केला. खर्च शून्य.

लहान देशांचं काय, या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात: ते रांगच बदलतात. कोस्टारिकाने 1948 मध्ये सैन्य बरखास्त केलं आणि तीच ओळख केली. नॉर्वेने मध्यस्थीचं काम घेतलं. 1993 चा इस्रायल-पॅलेस्टाइन करार ओस्लोच्या नावाने ओळखला जातो, आणि नॉर्वेच्या आकाराच्या देशाला कोणत्याही आरमाराने एवढं नाव मिळालं नसतं.

मधल्या आकाराच्या, चढत्या देशांना मात्र दोन्ही रांगांत उभं राहावंसं वाटतं. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत भारतात दहा हजारांहून अधिक माणसं गेली. तरी सरकारने बचावकार्यासाठी इतर देशांची मदत नाकारली आणि आपल्या नौदलाची जहाजं श्रीलंका, मालदीव, इंडोनेशियाला पाठवली. घेणाऱ्यांच्या रांगेतून देणाऱ्यांच्या रांगेत जाण्याचा हा जाहीर निर्णय होता. किंमत काय? आपत्तीग्रस्ताला मदत कोणाची आहे याने काही फरक पडत नाही, त्यामुळे किंमत त्याने मोजली असं म्हणायला जागा आहे; 2018 च्या केरळच्या पुरात हाच वाद पुन्हा निघाला. मिळालं काय? त्सुनामीच्या वेळी अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया आणि भारत यांनी मिळून जो समन्वय केला, त्यातूनच पुढे या चौघांच्या 'क्वाड'ची कल्पना रुजली. मान आणि हित इथे असे गुंतलेत, की सोडवायला गेलं तर दोरा तुटेल. आणि 2021 मध्ये ऑक्सिजन कमी पडला तेव्हा भारताने अनेक देशांची मदत घेतली. धोरण कितीही मानाचं असो, गरज पुरेशी मोठी झाली की ते वाकतं.

आजकाल मान आकड्यांत मिळतो, त्याबद्दल एक परिच्छेद. जागतिक बँकेची 'व्यवसाय सुलभता' क्रमवारी आठवत असेल. भारत त्यात काही वर्षांत 142 वरून 63 वर आला. खरे बदल झालेच, पण परीक्षा माहीत असली की परीक्षेपुरता अभ्यासही होतो. चीनला 2018 च्या आवृत्तीत 78 वा क्रमांक दिला होता; आकडे पुन्हा तपासल्यावर तो 85 निघाला. आकडेवारीत फेरफार झाल्याचं उघडकीला आल्यावर सप्टेंबर 2021 मध्ये बँकेने तो अहवालच बंद केला. एका यादीतल्या सात पायऱ्यांसाठी एवढं रामायण झालं.

राहिला प्रश्न ओळखायचं कसं. मी बातमी वाचताना आधी मनात विचारतो, हे गुपचूप केलं असतं तरी त्यांनी केलं असतं का? उत्तर 'नाही' असेल तर मान किंवा पत यात आहेच. मग बघतो, प्रेक्षक कोण आहे: घरचा मतदार, शेजारी, की ज्या मंडळात शिरायचंय ते मंडळ. तुम्ही शिखर परिषदेच्या यजमानपदाचं विचारलंत. रोषणाई, कमानी, मेजवान्या यांवरून काही ठरवू नका, ते सगळेच करतात. त्या वर्षी यजमानाने स्वतःच्या आग्रहाचा एखादा मुद्दा, जो इतरांना नको होता, निवेदनात घुसवला का ते पाहा. घुसवला असेल तर मानाचं काहीतरी वळतं झालं. नसेल तर छायाचित्रं मिळाली.

आणि निवेदन वाचताना क्रियापदं वाचा. 'स्वागत केलं', 'नोंद घेतली', 'चिंता व्यक्त केली' यांच्यात अख्खे देश उभे असतात. एका बैठकीत 'स्वागत' आणि 'नोंद' यांच्यामध्ये आमची रात्र गेली. एकाला 'स्वागत' नसेल तर सही नको, दुसऱ्याला 'स्वागत' असेल तर सही नको. पहाटे कोणीतरी सुचवलं, की क्रियापदच काढून तो प्रस्ताव नुसता परिशिष्टात जोडू या. दोघांनीही लगेच मान डोलावली, आणि मी परिशिष्टाचे क्रमांक बदलायला बसलो.